गाडी ठोकून घेण्याची योग्य पद्धत

गाडी ठोकून घ्यायचीच असेल तर नवीकोरी असताना घ्या. पहिले सहा महिने पत्र्याला घसारा (विमा कंपनी क्लेम देताना जुनेपणापोटी कापते ती रक्कम) लागत नाही. मग तो चढत जातो आणि गाडीने पाच वर्षं ओलांडली की ४० टक्क्यांवर पोचतो. माझी गाडी तिसऱ्या वर्षापर्यंत उगाच सुखरूप राहिली. बेशिस्त, दुसरं काय!

जागाही नीट निवडा. काच फुटलेली सगळ्यात उत्तम, तिला घसारा नाही. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांना मात्र पहिल्या दिवसापासून ५० टक्के कात्री, आणि बंपर प्लास्टिकचा असतो. तेव्हा मागून कुणी सुसाट येताना दिसला, तर खिडकीतून हात काढून ‘दादा, बंपरला नको, काचेला द्या’ अशी विनंती करावी. मला तेवढी सवड मिळाली नाही. मी लाल सिग्नलला उभा होतो.

ठोकणाऱ्याशी भांडू नका. तो ‘इन्शुरन्स आहे ना साहेब?’ असं विचारून निघून जातो. त्याच्या विम्यातून पैसे हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं असतं. हो, बंपरसाठी. म्हणून शहाणी माणसं क्लेम स्वतःच्या पॉलिसीवर टाकतात आणि पाच वर्षं सांभाळून जमवलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) दुसऱ्याच्या चुकीपायी शून्यावर आणतात.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. मारलात तर इंजिनाचा खर्च तुमचा, विम्याचा नाही.

आता कॅशलेस. यात रोख पैसे लागत नाहीत, कार्ड चालतं. गाडी गॅरेजला लावली की आपण निर्धास्त व्हायचं असतं. गॅरेजवाला सांगतो, अप्रूव्हल कंपनीकडून यायचंय. कंपनीचा कॉल सेंटरवाला सांगतो, गॅरेजने एस्टिमेट अपलोड केलेलं नाही. गॅरेज म्हणतं, केलंय, सर्व्हेअरला, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला, विचारा. सर्व्हेअर फोन उचलत नाही आणि उचलला की म्हणतो, ‘फोटो परत पाठवा, व्हिडिओ पण काढा.’ गाडी खोलल्यावर आत आणखी काहीतरी वाकलेलं सापडतं, मग पुरवणी एस्टिमेट, पुन्हा सर्व्हेअर, पुन्हा तेच. सर्व्हेअर म्हणतो, पार्ट बदलायचा नाही, ठोकून सरळ होईल. गॅरेज म्हणतं, करू, पण गॅरंटी देणार नाही. हे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. याचा निरोप त्याला आणि त्याचा निरोप याला पोचवायची नोकरी तुमची, आणि पगारही तुम्हीच भरलेला असतो, हप्त्यातून. कामधंदा सोडून मी या दोघांच्या मध्ये टपाल वाहत होतो, आणि दर वेळी नवीन माणसाला क्लेम नंबर, गाडी नंबर, अपघात कसा झाला ही कहाणी पहिल्यापासून. रेकॉर्डेड लाइन आहे म्हणता ना? मग ऐका की एकदा तुमचंच रेकॉर्डिंग!

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, घेतलं असेल तर अभिनंदन. नटबोल्ट, ऑइल, कूलंट, ग्रीस त्यात येत नाहीत, त्याचं वेगळं ॲड-ऑन असतं. शिवाय दर क्लेममागे सक्तीची कपात असतेच, १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला १००० रुपये, त्यावर २०००. हे सगळं पॉलिसीत छापलेलं आहे. पॉलिसी विकणाऱ्या पोराच्या तोंडात मात्र तेव्हा फक्त ‘फुल इन्शुरन्स’ होतं.

नव्या बंपरचा रंग जुळला नाही असं म्हणू नये. ‘धुतल्यावर दिसणार नाही साहेब’ असं उत्तर मिळतं.

बास झाली मस्करी, विमा कंपन्यांनो. पॉलिसीची मुदत एक दिवस उलटली की गाडीची तपासणी करा म्हणून तुमचे मेसेजवर मेसेज येतात, तिथे तुम्हाला घाई असते. पैसे द्यायची वेळ आली की माणूस सापडत नाही. कापलेल्या प्रत्येक रुपयापुढे कारण लिहा, आणि तो कागद काम सुरू करायच्या आधी हातात द्या. गाडी न्यायला आलेल्या माणसाला काउंटरवर खिंडीत पकडून नव्हे. आणि वाचकहो, तुम्हीही फोनवर घसा कोरडा करू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मी अर्ज लिहायला घेतलाय.

आणि गाडी देताना तो गॅरेजचा पोरगा हळूच म्हणतो, ‘साहेब, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझे पैसे कापतात.’ लाज वाटू द्या जरा, कंपनीवाल्यांनो. त्याचे पैसे कापायचे थांबवा आणि फोन उचलायला माणसं ठेवा.