लांडगा परत आला म्हणे, आता माळ विका!

‘विज्ञानाने नामशेष लांडगा परत आणला! पेशी गोठवल्या की कुठलाच प्राणी संपणार नाही. मग ओसाड माळरानं अडवून का ठेवता? लांडगे गेले तर मेंढपाळ सुटेल!’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आला. पहिला अंगठा मेव्हण्याचा. तो सासवडकडे प्लॉट विकतो, त्यामुळे नवल नाही. पण आत्याला ते खरंच वाटलं, म्हणून लिहितोय.

लांडगा परत आलेला नाही. २०२५ मध्ये कोलोसल या अमेरिकी कंपनीने दाखवलेली पिल्लं आजच्याच करड्या लांडग्याची, १४ जनुकांत २० फेरफार केलेली. हे डायर वुल्फ (म्हणजे मेसेजमधला तो नामशेष लांडगा) नव्हेत आणि त्यांचे पर्यायही नव्हेत, असं आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञगटाने तेव्हाच सांगितलं. विषय संपला.

गोठवलेल्या पेशींचं थोडं मान्य करतो, नाइलाजाने. १९८८ मध्ये जपलेल्या पेशींपासून अमेरिकेत २०२० मध्ये काळ्या पायांच्या फेरेटचं (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) क्लोन जन्मलं आणि ते जगलंही. पण स्पेनमधल्या बुकार्डो या रानबोकडाची शेवटची मादी २००० मध्ये मेली. २००३ मध्ये जन्मलेलं तिचं क्लोन काही मिनिटांत गेलं. ते मेसेजमध्ये नाही.

डोकं फिरलं ते ‘ओसाड’ या शब्दाने. अडवलेली जमीन आहे तरी किती? पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर. लांडगा तर बहुतेक बाहेरच राहतो, गायरानात, धनगरांच्या कळपामागे. तिथे आता प्लॉटचे दगड रोवलेत, कडेला कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल पडतो आणि त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. पुण्याजवळ वेगळ्याच रंगाचा ‘लांडगा’ दिसायचा. जनुकीय तपासणीत तो लांडगा-कुत्रा संकर निघाला, २०२३ मध्ये शोधनिबंधही आला. म्हणजे तिकडे २० फेरफार करून खोटा लांडगा घडवायचा आणि इकडे खरा कुत्र्यांत मिसळून जाऊ द्यायचा! उद्या पेशींतून लांडगा काढलाच, तर सोडणार कुठे? मेव्हण्याच्या फेज टूमध्ये?

राहिलं मेसेजमधलं ‘लांडगे गेले तर मेंढपाळ सुटेल’. मेंढी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण हेलपाटे घालून मिळते, ही तक्रार रास्त आहे. त्यावर कुणी मेसेज लिहिला तर मीसुद्धा पुढे पाठवेन.