मागच्या भिंतीवरचा एकच पीटीझेड पुरत नाही

जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यातल्या मंगल कार्यालयवाल्यांच्या आणि सप्ताह समित्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीटीझेड, म्हणजे लांबून फिरवता आणि झूम करता येणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल एक मेसेज फिरतोय. एकाच दिवशी मला तो चौघांकडून आला. मेसेज थोडक्यात असा: "हॉलच्या मागच्या भिंतीवर एक पीटीझेड कॅमेरा लावा, शूटिंगवाल्यांची कटकट संपली. झूम जितका जास्त तितका कॅमेरा भारी, ३० पटीच्या खाली बघूच नका. फोर-केच घ्या. ऑटो ट्रॅकिंग असलं की चालवायला माणूस लागत नाही. वाय-फायवर चालतो, वायरी ओढू नका. आणि बजेट कमी असेल तर सीसीटीव्हीचा पीटीझेड निम्म्या पैशात तेच काम करतो."

हे वाचून आमच्याकडच्या दोन कार्यालयांनी खरेदी केली आणि नंतर दुरुस्तीला मला बोलावलं. २०२० साली लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, तेव्हापासून मी कार्यक्रम नेटवरून लाइव्ह दाखवायचं काम करतोय. लग्नं, सप्ताह, स्नेहसंमेलनं, नाटकं, सगळं केलंय. त्या अनुभवावरून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी मेसेजमधलं खरं सांगतो. मोठ्या हॉलसाठी पीटीझेड ही फार कामाची वस्तू आहे. डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली होणं आणि झूम, तिन्ही गोष्टी लांबून जॉयस्टिकवर होतात. पहिल्या रांगेसमोर ट्रायपॉड आणि त्यामागे उभा माणूस, असं दृश्य राहत नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना स्टेज दिसतं. एक शिकलेला पोरगा तीन कॅमेरे सांभाळू शकतो. मुख्य चूक आहे ती "एक", "३०" आणि "माणूस लागत नाही" या तीन शब्दांत.

झूमचा हिशोब टेप घेऊन करायचा असतो. समजा मागच्या भिंतीपासून स्टेजपर्यंत शंभर फूट, म्हणजे ३० मीटर अंतर आहे. नेहमीच्या १२ पट झूमच्या कॅमेऱ्याची लेन्स साडेतीनपासून सुमारे ४२ मिलिमीटरपर्यंत जाते, २० पटवाल्याची ८८ पर्यंत, ३० पटवाल्याची १२९ च्या आसपास. या तिघांत सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, बहुधा एकाच मापाचा असतो. पूर्ण झूम केल्यावर ३० मीटरवर १२ पटवाल्याची चौकट साडेतीन मीटरहून थोडी रुंद येते आणि उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो. २० पटवाल्याची पावणेदोन मीटर, म्हणजे कमरेपासून वर. ३० पटवाल्याची सव्वा मीटरच्या आत, म्हणजे छाती आणि चेहरा. आता तोच १२ पटीचा कॅमेरा हॉलच्या मध्यावर, १५ मीटरवर आणून ठेवा. तो तुम्हाला २० पटवाल्याइतकीच, कमरेपासून वरची चौकट देईल. पैसे झूमला मोजण्याआधी जागा बदलता येते का ते बघा.

जास्त झूमची किंमत दुसरीकडूनही मोजावी लागते. लेन्स पूर्ण झूमला गेली की तिचं तोंड बारीक होतं. ३० पटीच्या एका प्रचलित लेन्समध्ये ते एफ १.६ वरून एफ ४.७ वर जातं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड बारीक). ऐकायला आकडा छोटा वाटतो, पण आत येणारा उजेड आठ-नऊ पटींनी कमी होतो. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर फोकस असतो म्हणून निभावतं. पण संध्याकाळचं रिसेप्शन, नाटकातला मंद प्रवेश, हॉलचे दिवे मालवून समईच्या उजेडात चाललेली आरती, इथे पूर्ण झूमवर चित्रात मुंग्या दिसायला लागतात आणि फोकस सारखा पुढे-मागे शोधत राहतो. शिवाय १२९ मिलिमीटरवर भिंतीचा कंप चित्रात शिरतो. खाली संबळ किंवा बँड वाजला की नवरीचा चेहरा थरथरताना दिसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: कॅमेरा पत्र्याच्या शेडच्या लोखंडी कैचीला बांधला होता आणि हॉलमधले मोठे कूलर सुरू केले की चित्र हलायचं.

म्हणून माझ्या मते झूमच्या आधी सेन्सर विचारा. स्वस्त पीटीझेडमध्ये १/२.८ इंची सेन्सर असतो. १/१.८ इंची घेतला तर उजेड झेलणारं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं, आणि एक इंची घेतला तर पाच पटींच्या घरात जातं. मोठ्या सेन्सरवर मोठा झूम बसवणं अवघड आणि महाग असतं, म्हणून कॅननच्या सीआर-एन५०० मध्ये एक इंची सेन्सरला १५ पट झूम आहे, पॅनासॉनिकच्या एडब्ल्यू-यूई१५० मध्ये २० पट. हे कॅमेरे तालुक्याच्या कार्यालयाच्या आवाक्यातले नाहीत, ते मला ठाऊक आहे. सांगायचं एवढंच की हे बनवणारेसुद्धा मोठ्या सेन्सरच्या या कॅमेऱ्यांत ३० च्या मागे धावलेले नाहीत.

उजेडाबद्दल आणखी एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाहीच आणि जिच्यामुळे सर्वांत जास्त लाइव्ह बिघडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा खोक्यातून सेकंदाला ६० फ्रेमवर सेट होऊन आला असेल आणि कुणी तो बदलला नसेल, तर पडद्यावर वरून खाली पट्टे सरकतात. लोक म्हणतात कॅमेरा खराब निघाला. तो २५ किंवा ५० फ्रेमवर आणायचा, शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करायचं, बस. आणि स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप उजेड जुळवणं, बंद करायचं, नाहीतर वॉल उजळली की नवरा-नवरी काळवंडतात.

मागच्या भिंतीवर किती उंचीवर, हाही प्रश्न आहे. एका कार्यालयाने कॅमेरा छताला खेटून, वीस फुटांवर लावला, कुणाचा हात लागू नये म्हणून. त्यांचा हेतू मला पटतो. पण स्टेज फार लांब नसेल तर तिथून बघितलं की माणसांचे फेटे आणि टक्कल दिसतं, डोळे दिसत नाहीत. लेन्स स्टेजवर उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या पातळीहून थोडी वर असावी. बाल्कनीचा कठडा असेल तर ती उत्तम जागा. खाली लावला तर अक्षता टाकायला सगळे उठून उभे राहतात तेव्हा पाठी दिसतात. त्याच कार्यालयातल्या एका लग्नाचं लाइव्ह बघून सुरतेहून एका आजीबाईंचा फोन आला होता. उधन्याला राहतात, गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. म्हणाल्या, "मनी नातनं तोंड दिसनंच नही रे भाऊ." सगळ्या सेटिंग्ज मी त्या आजींना डोळ्यांसमोर ठेवून करतो. खान्देशातली निम्मी घरं सुरत, पुणे, मुंबईत विखुरली आहेत. लाइव्ह त्यांच्यासाठी असतं.

"फोर-केच घ्या." याला उत्तर लहान आहे. लाइव्ह फोर-के पाठवायला सतत पंधरा-वीस एमबीपीएस अपलोड टिकायला हवा, आणि बघणारा मोबाइलवर बघतो. फुल एचडी नीट गेलं तरी कुणाची तक्रार येत नाही. फोर-के सेन्सरचा एक खरा फायदा आहे: ३८४० ठिपक्यांच्या चित्रातून १९२० चा तुकडा कापला तरी पूर्ण एचडी राहतं, म्हणजे दुप्पट झूम फुकट मिळतो. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण त्याच पैशात फुल एचडीचे दोन कॅमेरे येत असतील तर मी डोळे मिटून दोन घेईन.

कारण "एक" कॅमेरा हे या मेसेजचं सर्वांत मोठं नुकसान आहे. पीटीझेडमध्ये जागा, झूम आणि बऱ्याच मॉडेलांत फोकससुद्धा प्रीसेट म्हणून साठवता येतो: बटण एक, पूर्ण स्टेज, बटण दोन, माइक, बटण तीन, तबलजी. पण एकाहून दुसऱ्या प्रीसेटवर जाताना कॅमेरा गर्रकन फिरतो आणि ते फिरणं प्रेक्षकाला दिसतं. दुसरा कॅमेरा असेल तर त्याचं चित्र प्रेक्षकांना दिसत असताना पहिला गुपचूप वळवता येतो. दुसरा अगदी १२ पटीचा, स्टेजच्या बाजूला पाच-सहा मीटरवर लावलेला चालतो, उलट तिथे तोच बरा. त्याचा रुंद कोन ७२ अंशांच्या आसपास असतो, २० पटवाल्याचा साठ. जवळून लांबरुंद स्टेज कोंबायला त्या बारा अंशांचा फार उपयोग होतो.

आता ऑटो ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप माणसाच्या मागे वळणं. शाळेत एकच सर फळ्यासमोर शिकवतात, व्याख्याता एकटा मंचावर येरझाऱ्या घालतो, तिथे ते छान चालतं आणि मी वापरतो. आपल्याकडचे कार्यक्रम तसे नसतात. एका तालुक्याच्या गावी सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला समितीने ऑटो ट्रॅकिंगवर भरवसा ठेवला. महाराज मध्ये, मागे विणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी. अभंगाचं चरण उचलताना टाळकऱ्यांची रांग पावली खेळत पुढे आली, एक जण महाराजांच्या समोरून गेला आणि कॅमेरा त्या टाळकऱ्याला धरून बसला. महाराज गोपाळांच्या दहीहंडीचं निरूपण करत होते आणि पडद्यावर टाळ वाजवणारा एक तरुण, तोही अर्धाच. पुढची चार-पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कॅमेऱ्यापाशी कुणी नव्हतंच. वरमालेच्या वेळी तर स्टेजवर मामा, करवल्या, फोटोवाले मिळून वीस माणसं. वहीगायनात, या खान्देशी लोकगायनात, सगळा संचच गात-नाचत जागा बदलतो. यातलं कोण महत्त्वाचं आहे हे माणसाला कळतं, कारण त्याला कार्यक्रम कळतो. गावातलाच एखादा पोरगा बसवा, त्याला मंगलाष्टकं संपत आली की अंतरपाट खाली येणार हे पाठ असतं. जॉयस्टिक तो दोन दिवसांत शिकतो.

"वाय-फायवर चालतो" हे रिकाम्या हॉलमध्ये खरं आहे. दुकानदार रिकाम्या हॉलमध्येच दाखवतो. आठशे माणसं आठशे मोबाइल घेऊन आली की तेच वाय-फाय गुदमरतं. कॅमेऱ्याला वायर ओढाच, आणि एकदाच नीट ओढा. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. एसडीआय, म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ जोडणी, चांगल्या वायरीवर सत्तर-शंभर मीटरपर्यंत जाते आणि चित्र जवळजवळ लगेच पोचतं. कॅट-सिक्स नेटवर्क वायर शंभर मीटर जाते आणि तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीजही देता येते (याला पीओई म्हणतात), मात्र स्विच पीओई प्लसचा, ३० वॅटचा घ्या, कारण मोटारी फिरताना साधा १५ वॅटचा काही कॅमेऱ्यांना पुरत नाही.

विजेचंच आणखी एक. आपल्याकडे लाइट जाते आणि जनरेटर लागेपर्यंत दहा-वीस सेकंद जातात. साध्या कॅमकॉर्डरला बॅटरी असते. पीटीझेड बंद पडतो, आणि पुन्हा चालू झाला की आधी स्वतःला तपासायला डावी-उजवीकडे पूर्ण फिरतो, मग मूळ जागेवर येतो. लाइट आली तरी पुढचा अर्धा-पाऊण मिनिट तुम्हाला चित्र नाही. कॅमेरा, स्विच आणि राउटर कॉम्प्युटरच्या साध्या छोट्या यूपीएसवर लावा, प्रश्न मिटतो. लग्नात अंतरपाट खाली येण्याचा क्षण एकदाच येतो.

राहिला सीसीटीव्हीचा पीटीझेड. तो राखणीसाठी केलेला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. पण त्याला बहुधा एसडीआय किंवा एचडीएमआय बाहेर काढायची सोयच नसते, चित्र नेटवर्कवरून अर्धा-एक सेकंद उशिरा येतं. आवाज तुम्ही साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट घेता, तो लगेच येतो. परिणाम असा की गुरुजींचं "सावधान" आधी ऐकू येतं, ओठ नंतर हलतात. आवाज मुद्दाम उशिरा सोडून हे जुळवता येतं, पण मग तो दुसऱ्या कॅमेऱ्याशी जुळत नाही. शिवाय त्याची हालचाल झटक्याची असते, चोर पकडायला हवी तशी. सावकाश, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सरकणं त्याला जमत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर तिथ्या सुरू होतील, त्याआधी ज्यांना घ्यायचाय त्यांनी एवढं करा. विक्रेत्याकडून कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागून आणा, भाडं द्यावं लागलं तरी द्या. जिथे लावायचाय तिथेच बांधा, दिवे कार्यक्रमाला असतात तेवढेच लावा, कूलर सुरू करा. स्टेजवर तीन-चार माणसं उभी करा आणि त्यांना इकडून तिकडे जायला सांगा. दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि ते घरी जाऊन मोबाइलवर बघा, घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात देऊन, आणि त्यांना विचारा की कोण कोण ओळखू येतंय.