बीपीची गोळी बंद केल्यावरही आकडा नॉर्मल का येतो?

बीपीची गोळी न घेणाऱ्याला निष्काळजी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मला ते पटत नाही. बहुतेकांनी गोळी सोडण्याआधी विचार केलेला असतो, कित्येकांनी तर चक्क मोजूनही पाहिलेलं असतं. त्या मोजण्यात फसगत कुठे होते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

समजा गोळी सुरू केली आणि महिनाभरात १५८/९६ चं १२८/८० झालं. आता नॉर्मल आहे तर गोळी कशाला, म्हणून दोन दिवस बंद करून पाहिली. तिसऱ्या दिवशी मोजलं तर १३०/८२. झालं, बीपी गेलं! पण ती गोळी अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. तिसऱ्या दिवशीचा तो छान आकडा गोळीनेच दिलेला असतो. खरी चढण त्यानंतर हळूहळू सुरू होते आणि तोवर मोजणं थांबलेलं असतं, कारण त्रास काहीच होत नाही. सुरुवातीलाही हेच उलट बाजूने घडतं. रक्तात औषध पुरेसं साठायला आठवडाभर लागतो, आणि ‘चार दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून गोळी सुटते. सगळ्याच गोळ्या अशा सावकाश उतरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर बीपी किंवा नाडी एक-दोन दिवसांत उसळू शकते. हृदयविकार असलेल्याला ते महागात पडतं.

दुसरं कारण दुष्परिणामांचं. बीपी दुखत नाही, त्रास होतो तो गोळीचा. मग माणूस काय सोडणार? अ‍ॅम्लोडिपिनवर काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी मोजा काढला की इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो, चप्पल घट्ट होते आणि ‘गोळीने किडनी गेली’ ही भीती डोक्यात बसते. प्रत्यक्षात ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, शिरा तितक्या सैल होत नाहीत, म्हणून पाणी झिरपून घोट्याशी साठतं. त्यामुळेच लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखं औषध दिलं, तर बहुधा कमी होते. मात्र सूज एकाच पायाला असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर गोळीवर खापर न फोडता लगेच तपासून घ्या.

रामिप्रिल, एनालाप्रिलवर काहींना कोरडा खोकला लागतो, कधी कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनी. त्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपतात आणि बीपीच्या गोळीचा संशयही येत नाही. औषध बदलून लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनवर गेलं की खोकला सहसा काही आठवड्यांत जातो. शरीरसंबंधातली अडचण हे तर न बोललं जाणारं कारण. पुरुष गुपचूप गोळी सोडतात, पण डॉक्टरांकडे विषय काढत नाहीत. तो काढायला हवा, कारण पर्यायी गोळ्या आहेत.

डॉक्टर मंडळींबद्दलही बोलतो. ‘गोळ्या घेताय ना?’ या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर येत नाही. ‘गेल्या ७ दिवसांत किती वेळा राहिली?’ असं विचारा, खरा आकडा येईल. नाहीतर काय होतं? निम्मेच दिवस गोळी घेणाऱ्याचं बीपी वाढलेलं दिसतं, औषध कमी पडतंय असं समजून दुसरी गोळी जोडली जाते. मग तो सगळ्या गोळ्या नेमाने घेतो, उठताना चक्कर येते आणि ‘मला औषध झेपत नाही’ म्हणून सगळंच बंद. एकच गोळी दुप्पट केल्याने बीपी थोडंसंच जास्त उतरतं, दुष्परिणाम मात्र वाढतात. दोन वेगळ्या प्रकारची औषधं कमी मात्रेत, दिवसातून एकदा, एकाच गोळीत दिली तर परिणामही चांगला होतो आणि घेणंही टिकतं. अशी गोळी चालेल का, हे रुग्णाने स्वतःहून विचारावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, ३० ते ७९ वयोगटातल्या उच्च रक्तदाबाच्या दर ५ जणांपैकी जेमतेम एकाचं बीपी ताब्यात आहे. नेमाने घेणारे कोण? घरात कुणाचा अर्धांगवायू पाहिलेले घेतात, पण ती भीतीही ओसरते. नेम जास्त टिकवतं ते घरचं बीपीचं मशीन, अर्थात नीट मोजलं तर. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. हात लोंबता ठेवला किंवा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा फुगतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती जास्तच, दवाखान्यातली १४०/९० ची मर्यादा घरी लावू नका.

गोळी सकाळी की रात्री, यावर वाद घालू नका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘टाइम’ नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत दोन्हींत फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती धरा. लघवी वाढवणारी गोळी मात्र सकाळी बरी, झोपमोड होत नाही. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगा, कारण रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं त्या काळात चालत नाहीत.

आणि गोळी नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर घरातल्या औषधांचा डबा उघडून बघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं, सर्दीत चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही वाढतं. त्यांची नावं डॉक्टरांना सांगा, चिठ्ठीशिवाय स्वतःहून आणलेल्या असल्या तरी.