खलनायकाला आपल्या जेवणाची काळजी

दिवाळी दहा दिवसांवर आली की पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरच्या पाराच्या दोन बाजू होतात. एका बाजूला आम्ही नेहमीचे चौघे बसतो आणि दुसऱ्या बाजूला पोरांचा नरकासुराचा पुतळा उभा राहू लागतो. परवा त्याचा नुसता सांगाडा तयार होता, आणि त्याच्या साक्षीने भाईंनी आपल्या नव्या एकांकिकेतला खलनायक आम्हांला वाचून दाखवला.

हा खलनायक म्हणजे एका कचेरीतला कारकून. जमिनीच्या कागदावर नाव चढवून घेण्यासाठी भाईंनी ज्या टेबलाशी वर्षभर खेपा घातल्या, तिथूनच तो उचलला आहे, हे आम्हांला पहिल्याच वाक्यात कळले. तो लाच मागतो, म्हाताऱ्यांवर खेकसतो आणि शेवटच्या प्रवेशात तुरुंगात जातो. वाचन संपल्यावर आबांनी एवढेच विचारले, "याला घरी कोणी आहे का?"

मास्तरांचे म्हणणे असे पडले की, ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्यावरून खलनायक बेतू नये, कारण त्यात लेखकाचा सूड तेवढा उगवतो आणि पात्र आडवेच राहते. भाई चिडले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे काय, असे त्यांनी विचारले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. मग रागातून खलनायक घडत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणता? मुद्दा बिनतोड होता, असे निदान मला तरी वाटले. मास्तर मात्र हार मानणारे नव्हेत. कर्झन प्रेक्षकांनी पाहिला, ते म्हणाले. मंचावर आला तो विराटाचा मेहुणा कीचकच, सत्तेचा माज चढलेला आणि सैरंध्रीवर आपला हक्कच आहे असे मनापासून मानणारा. कर्झनचे नावही न ऐकलेल्याला तो कीचक कळतो, पण भाईंच्या खेपा ठाऊक नसलेल्याला हा कारकून कळणार नाही.

आबांनी उमेदीच्या काळात दशावतारात संकासूर केलेला असल्यामुळे त्यांना हा सगळा वाद पुस्तकी वाटला. वेद पळवणारा हा राक्षस काळ्या वेषात, तोंड झाकून, लांब लाल जीभ लोंबवत येतो तेव्हा पोरे आईच्या पाठीशी लपतात, पण लपूनही एका डोळ्याने त्यालाच बघत राहतात, कारण तो गावातल्या गोष्टी काढून हसवतही असतो. "ब्रह्मदेवाकडे कोण बघतो?" असे आबा म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमानही होता.

तेव्हा मी भाईंना विचारले की, तो माणूस खरोखरच खेकसत असे का. भाई बराच वेळ गप्प राहिले. त्याने कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. दुपारचा एक वाजला की तो म्हणे, "साहेब आता काही यायचे नाहीत, तुमची साखरेची गोळी असेल, आधी जेवून या," आणि मागच्या गल्लीत मासळीचे जेवण कुठे बरे मिळते तेही सांगे. पेन मागितले तर देई, टोपण मात्र स्वतःकडे ठेवी. भाई जेवून परतेपर्यंत फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली असे. हे एकांकिकेत का नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले की, लिहिले होते, पण लोकांना तो आवडू लागेल या भीतीने खोडले.

माझ्या मते भाईंचा खलनायक त्या खोडलेल्या पानावरच राहिला आहे. भाईंना हे पटले नाही. असा माणूस दाखवला की प्रेक्षक त्याला माफ करून टाकतात, असे ते म्हणाले. त्यावर मास्तरांनी सांगाड्याकडे बोट दाखवले. सोळा हजार स्त्रियांना कोंडणाऱ्या या नरकासुराचा वध झाल्यावर त्याची आई भूमी पुढे येते, त्याने पळवलेली अदितीची कुंडले परत करते आणि भ्यालेल्या नातवासाठी कृष्णाकडे अभय मागते, हे भागवतातच आहे. म्हणून आपण चतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळायचे थांबलो का?

भाईंनी उत्तर दिले नाही, पण खिशातून पेन काढले. तेवढ्यात पोरे वर्गणीला आली. पंधरा-पंधरा रात्री जागून तुम्ही राक्षस घडवता, तर यातले थोडे पैसे कृष्णासाठीही ठेवा, असे मास्तरांनी त्यांना बजावले. कृष्ण गेल्या वर्षीचाच आहे, असे पोरांनी सांगितले.