‘मील्स’ आणि तिसरी चपाती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेळगावच्या हॉटेलांबद्दल मी जे लिहिलं, त्यावरचा तुमचा राग पोचला. “मील्स म्हणजे थाळीच. बेळगावात मागवली तर तिसऱ्या चपातीचे वेगळे पैसे लावले, आणि तुम्ही त्याच हॉटेलवाल्यांचं कौतुक करता,” असं तुम्ही लिहिलंय. वेटरनं आधी सांगायला हवं होतं, कबूल. पण याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही.

मील्स म्हणजे ठरल्या पैशांत मिळणारं दाक्षिणात्य पद्धतीचं जेवण, आणि त्याचा सगळा जीव भातात. सुरुवातीच्या दोन चपात्या किंवा पुऱ्या बहुतेक ठिकाणी मोजूनच येतात. दही, पापड, गोडही एकदाच. पुन्हा पुन्हा मिळतं ते भात, सांबार, सार, भाजी. वाढपी चार डबे एका मुठीत धरून “सांबार? पल्या (म्हणजे भाजी)?” करत रांगेतून सुटतो, तुम्ही मान हलवायच्या आत डाव रिकामा झालेला असतो. पहिला भात सांबाराशी, दुसरा साराशी, शेवटचा ताकाशी. तुम्ही तिसऱ्या चपातीशी थांबलात आणि खरं जेवण सुरू व्हायच्या आत हात धुतलेत!

निपाणीकडं सरकलात की पाटीवर ‘राइस प्लेट’ दिसते. नाव भाताचं आणि पोट भरायचं चपातीवर. भात शेवटी वाटीभर. खानावळीत तिसरीच तऱ्हा: ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी. बेळगावात या तिन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात, म्हणून बाहेरच्याचा घोळ होतो.

शिवाय ‘मील्स’ला पुढं-मागं काय जोडलंय तेही बघायचं. ‘मिनी मील्स’ म्हटलं की पुन्हा वाढणं नाही. ‘पार्सल मील्स’ कित्येकदा महाग, कारण तुम्ही किती खाल याचा अंदाज बांधून सगळं आधीच भरावं लागतं. आणि ‘मील्स रेडी’ ही तर वेळेची पाटी. दुपारी बाराच्या सुमारास लागते, तीन-साडेतीनला उतरते. मग डोसा-इडलीवर भागवायचं.

एका ताटात दोघांना जेवू देत नाहीत, ही तुमची दुसरी तक्रार. हवं तितकं वाढायचं म्हटल्यावर पैसे माणशीच घेणार ना?

पुढच्या खेपेला बसताना “चपाती किती?” एवढं विचारून घ्या. भातावर मन नसेल तर मील्स मागवूच नका, सरळ खानावळ गाठा.