साडूंची दुर्बीण

माझे साडू श्रीकांतराव न्यू जर्सीहून नाशिकला आले ते पोटाची दुर्बीण करून घ्यायला. तिकडून येणारी माणसं रामकुंड, त्र्यंबक आणि द्राक्षाचे मळे अशी यादी घेऊन येतात. यांनी एक्सेल आणलं होतं.

त्यांनी मला ते सोफ्यावर बसवून समजावलं. तिकडे ठराविक वयानंतरची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची खालून केलेली दुर्बीण, बहुतेक विम्यांत फुकट होते. पण ती ज्याला काहीच होत नाही अशा माणसाची. पोटात दुखतंय असं तुम्ही बोलून गेलात, की तीच नळी, तोच डॉक्टर, पण कागदावर ते 'निदान' होतं आणि ठरलेली मोठी रक्कम संपेपर्यंत बिल आपल्या खिशातून. डॉक्टरांचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, खोलीचं वेगळं, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याचं वेगळं. श्रीकांतराव बोलून गेले होते. त्यामुळे विमानाचं तिकीट धरूनही नाशिक स्वस्त पडत होतं. एक्सेलमध्ये 'राहणे-खाणे' या रकान्यापुढे शून्य होतं. ते शून्य म्हणजे मी.

"तुम्ही पण करून घ्या ना," ते म्हणाले. "तिकडे २०२१पासून पंचेचाळिशीलाच सुरू करा म्हणतात. तुम्ही एक्कावन्न. म्हणजे सहा वर्षं उशीर झालाय."

मला काहीच होत नव्हतं. पण बायकोनं लगेच "दोघांचं एकदमच होऊन जाईल" म्हटलं. याच सुरात ती दोन सोफ्यांची कव्हरं एकदम धुवायला टाकते.

पहिला झटका डॉक्टरांकडच्या कागदानं दिला. तीन दिवस आधीपासून बिया, सालं, चोथा बंद. पेरू नाही, डाळिंब नाही, द्राक्षं नाहीत, तीळ नाही, पालेभाजी नाही, मटकी नाही. मटकी वजा केल्यावर नाशिकमध्ये राहायचं कशाला, हे कागदावर नव्हतं. आदल्या दिवशी तर फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, भाताची निवळ.

श्रीकांतरावांनी हात वर केला. "डॉक्टर, मिसळीचा रस्सा गाळून घेतला तर? मटकी काढून. नुसतं लिक्विड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लाल काहीही नको. आत गेल्यावर रक्त वाटतं."

तर्री रक्तात भिनलेली असते असं आम्ही कौतुकानं म्हणतो. डॉक्टरांना त्याचा धोका वाटतो.

तपासणी शुक्रवारी ठरली आणि बुधवारच्या पेपरात बातमी आली: जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी कमी दाबानं. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत, एक कमोड आणि एक देशी. पाहुण्यांचे गुडघे दुखतात म्हणून कमोड त्यांना गेला. बायकोनं पिंप भरलं, बादल्या भरल्या, कुकर भरले, मोदकपात्र भरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हे सगळं दारातून बघत होत्या. "एवढ्यासाठी अमेरिकेहून आले?" त्या म्हणाल्या. "आम्ही पोरांना सुट्टीत एरंडेल पाजायचो. घरच्या घरी."

गुरुवारी संध्याकाळी पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवली. दोन लिटर. अर्धं रात्री, अर्धं पहाटे, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. गंगेवरचं तीर्थसुद्धा आम्ही पळीभरच घेतो, वर हात डोक्यावरून फिरवतो. इथे भरलेला जग समोर. चव लिंबाची असं पाकिटावर लिहिलं होतं. त्या लिंबाला बहुधा सांगितलेलं नसावं. पहिले दोन ग्लास आम्ही एकमेकांना 'चिअर्स' केलं. तिसऱ्यानंतर श्रीकांतराव वाक्य अर्धवट सोडून उठले. ते डॉलरबद्दल होतं. पुढे ते वाक्य रात्री साडेअकरापर्यंत पूर्ण झालं नाही, कारण ते बाहेर आले की मी आत असायचो.

मधल्या पॅसेजमध्ये बायको पाण्याचा मग घेऊन उभी. एरवी एखाद्या लग्नात साडू-साडू समोरासमोर आले, की जेवणाच्या पंगतीत आधी कोण बसणार यावर मानपान चालतात. त्या रात्री "तुम्ही आधी" असं कुणीही म्हणालं नाही. पहाटे चारला दुसरा हप्ता. सहा वाजता मोदकपात्र रिकामं झालं.

सेंटरवर फॉर्म भरताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, सोबत कोण? भूल दिल्यावर दिवसभर गाडी चालवायची नाही, माणूस लागतोच. बायकोनं दोन्ही फॉर्मवर सही केली. नातं? एकावर 'नवरा', दुसऱ्यावर 'बहिणीचा नवरा'. मुलीनं वर बघितलं, खाली बघितलं आणि दोघांच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या.

मागून उघडे झगे घालून आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण श्रीकांतराव माहिती देत राहिले. पोटात नळी घालून बघायचा पहिला प्रयोग जर्मनीत १८६८ साली झाला. कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं तो केला, तोही तलवार गिळणाऱ्या एका खेळवाल्यावर. नळी सरळ, कडक. "आता निदान वाकते तरी," ते म्हणाले. मला खेळवाल्याला किती मिळाले याची काळजी लागली.

वरूनही बघायचं होतं, म्हणून आत घशात कडू फवारा मारला, गळा सुन्न झाला. डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. कुणीतरी म्हणालं, "काका, गावाचं नाव सांगा." मी 'निफाड' म्हणायला सुरुवात केली. जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. बायको सांगते, शुद्धीवर येताना मी नर्सला दोनदा म्हणालो, "पाव जरा भाजून आणा."

खरी परीक्षा पुढे होती. आत हवा भरून आतडं फुगवतात आणि ती हवा बाहेर यावी लागते. आयुष्यभर आपण जे खुर्ची सरकवून, खोकून, कुत्र्याकडे बघून लपवत आलो, ते नर्स दोन खाटांच्या मधे उभी राहून मोठ्यानं विचारत होती: "काका, झालं का? लाजू नका, सोडा." माझं चटकन झालं. श्रीकांतरावांचं होईना. पडद्यापलीकडून ते हळूच म्हणाले, "तुम्ही जरा रेडिओ लावता का?"

दुपारी रिपोर्ट. श्रीकांतराव वरून-खालून स्वच्छ. थोडी अॅसिडिटी, तिखट कमी करा. माझ्या मोठ्या आतड्यात सहा मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला कोंब, सापडला. तारेच्या फासानं तिथल्या तिथे काढला, तपासायला पाठवला. वेळीच काढलं ते बरं झालं, डॉक्टर म्हणाले. असले काही पॉलिप वर्षानुवर्षांनी कॅन्सरकडे जाऊ शकतात.

मी घाबरलो होतो. श्रीकांतरावांचा चेहरा मात्र वेगळाच होता. माणूस साडेबारा हजार किलोमीटर येतो, आणि निघतं काय, तर ते सोबतीला आणलेल्या माणसाच्या पोटातून. संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यासाठी नवी ओळ टाकली: 'पॉलिप – १'. हिशोबाच्या रकान्यात बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. मग त्यांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

बायॉप्सीत काळजीचं काही निघालं नाही. पुढची तपासणी काही वर्षांनी. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला: "त्या वेळी मी येतो सोबतीला. तारीख आत्ताच बघून ठेवू."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊजी, गुरुवार सोडून बघा."