अत्तर ‘भिजवून’ होत नाही
एका लेखात उत्तर प्रदेशातल्या कनौजचं गुलाब अत्तर ‘पाकळ्या तेलात भिजवून’ करतात असं म्हटलंय, ते चूक. तिथे ऊर्ध्वपातन होतं, म्हणजे वाफ काढून ती पुन्हा गार करतात. तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी, झाकणाची फट मातीने लिंपलेली. बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) वाफ भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपका गार पाण्याच्या हौदात, आणि त्याच्या पोटात सुगंध धरून ठेवायला आधीपासून चंदनाचं तेल. हौदातलं पाणी कोमट झालं की वाफेचं नीट पाणी होत नाही, सुगंध वाया जातो. आच वाढली तर फुलं तळाला लागतात नि करपट वास शेवटपर्यंत जात नाही. म्हणून कारागीर सारखा भपक्याला हात लावून बघतो. निवल्यावर तेल वर तरंगतं. खालचं पाणी काढून पुन्हा देगेत. उरलेला ओलावा कातडी कुप्पीतून उडतो. चंदन महागल्यापासून बरेच जण त्याऐवजी लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) वापरतात, त्याला अत्तर म्हणवत नाही!